दोन छेद तीनला लंब

“तिला आत्ताच नका सांगू, आई. पहिलीच संक्रांत आहे तिची. रडक्या तोंडावर हलव्याचे दागिने घालायचे का?”

सुलभावहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, सासूबाईंना सांगत होत्या. मी मागच्या दाराशी तीळ निवडत बसले होते आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. माझ्या माहेरच्या गावी मला बीजगणित शिकवणारे वृद्ध गुरुजी अंथरुणाला खिळले होते. त्यांच्या मुलीने माझ्या लग्नपत्रिकेवरचा नंबर शोधून मंगळवारी फोन केला होता, की बाबा आता फार दिवस काढत नाहीत, एकदा भेटून जा म्हणतात. हे सगळं मला त्या खिडकीतूनच कळलं, आणि आज शुक्रवार होता.

“आणि नंतर कळल्यावर तिने विचारलं तर?” सासूबाई म्हणाल्या.

“ती कुठली विचारतेय! तीन महिन्यांत आमटीत मीठ कमी आहे एवढंसुद्धा बोलली नाही. उलट बोलणं तिच्या गावीच नाही.”

दोघी हसल्या. हसण्यात वाकडं काही नव्हतं. सुनेचं कौतुकच होतं ते. मी मात्र निवडलेले तीळ न निवडलेल्यांत मिसळून टाकले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

तीळ निवडता निवडता जे आठवलं, ते गोष्टीसारखंच सांगते. गोष्टीतल्या माणसांना नावं नसतात, त्यामुळे सांगणारीला जरा आडोसा मिळतो.

एकदा एक गुरुजी आपल्या शिष्येला रेषेचा चढ शिकवत होते. त्यांनी चौकटींच्या वहीत एक रेषा काढली. तीन चौकटी पुढे गेलं की ती दोन चौकटी वर चढे. तिचा चढ दोन छेद तीन.

“आता हिला लंब असलेली रेषा काढ. लंब रेषेचा चढ उलट असतो, एवढं ध्यानात ठेव,” गुरुजी म्हणाले.

शिष्या हुशार होती, आणि हुशार मुलींना घाई असते. तिने क्षणात लिहिलं, ऋण दोन छेद तीन. वर जाणारी रेषा खाली पाठवली की झाली उलट.

गुरुजींनी चूक की बरोबर, काहीच खूण केली नाही. त्यांनी एका पोस्टकार्डाचा कोपरा दोन्ही रेषांच्या मध्ये धरून पाहिला. एका बाजूला तो मावेना, दुसऱ्या बाजूला फट राहिली. मग त्यांनी शिष्येची रेषा खोडली आणि अख्खी वहीच पाव फेरा डावीकडे फिरवून तिच्यापुढे ठेवली.

“गुरुजी, वही आडवी झाली.”

“होऊ दे. तू नको आडवी होऊस. माझीच रेषा आता नव्याने मोज.”

तिने मोजलं. दोन चौकटी मागे, तीन चौकटी वर. ऋण तीन छेद दोन.

“आकडे बदलले का?”

“नाही. तेच आहेत. वरचा खाली आला, खालचा वर गेला. आणि चिन्ह बदललं.”

गुरुजी म्हणाले, “मी ‘उलट’ म्हणालो आणि तू नुसतं चिन्ह उलटवलंस. चिन्ह बदलायला काय लागतं? एक बारीकशी रेघ. तेवढ्याने रेषा तोंड फिरवते, काटकोनात उभी राहत नाही. त्यासाठी आपलं वरचं खाली आणावं लागतं आणि खालचं वर घ्यावं लागतं. ते जड जातं बाळ, म्हणून बहुतेकजण नेमकं तेवढंच विसरतात.”

पुढे ती शिष्या गणिताची पदवी घेऊन पुढच्या पदवीच्या अभ्यासाला लागली आणि तो अभ्यास अर्ध्यावर असताना तिचं लग्न ठरलं. पत्रिका द्यायला ती गेली, तेव्हा गुरुजींनी ती नीट वाचली, पाव फेरा फिरवली आणि तशीच तिच्या हातात दिली. ती हसली. ते हसले नाहीत.

“इथे जे तुला सरळ चालणं होतं, ते तिथे चढणं होईल,” ते म्हणाले. “साधा चहा टाकणंसुद्धा. आणि इथे जेवढी चढलीस, तेवढी तिथे मागे पडल्यासारखी वाटशील. आकडे तेच असतात हो, ते कुणी काढून घेत नाही. पण भिऊन समांतर मात्र जाऊ नकोस. समांतर रेषांचं कधी बिनसत नाही, कारण त्यांची गाठच पडत नाही.”

गोष्ट एवढीच.

तीन महिने मी समांतर चालले होते, आणि घरात सगळे त्यावर खूश होते. आता पहिल्यांदा ओठांवर जे आलं, ते नुसतं चिन्ह बदलणं होतं. तीळ तिथेच टाकून आत जावं आणि विचारावं, लपवलंत कशाला? वाक्य तयार होतं, धारदारही होतं.

मग मी त्यांच्या जागेवरून मोजून पाहिलं. सुलभावहिनी आठ दिवस माझ्यासाठी हलव्याचा हार ओवत होत्या. त्यांच्या बोटांना सुई टोचल्याच्या खुणा होत्या. सासूबाईंनी काळी साडी स्वतः दुकानात उभं राहून निवडली होती. त्यांना माझा सण हवा होता, तोही हसरा. हे सगळं खरं होतं. तरी मंगळवार ते शुक्रवार हे दिवस कुणाच्याच जागेवरून कमी भरेनात. तिकडे एक माणूस माझी वाट पाहत पडला होता.

मी हात पुसले आणि आत गेले. सुलभावहिनींनी उगाच गुळाचा डबा उघडला. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, पण तो निघाला.

“आई, वहिनी, फोनचं मी ऐकलं. माझ्या सणासाठी तुम्ही थांबलात, ते मला कळतंय. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत करता येतं, तोवर मी परत येईन आणि तुम्ही घालाल ते सगळं घालीन. आत्ता दुपारच्या गाडीने मी गुरुजींकडे निघते. फक्त ते अजून आहेत ना, एवढं तुम्ही फोन करून विचाराल का? माझ्याच्याने नंबर लावला जाणार नाही.”