चुरमुऱ्यांचा तिसरा पैसा

एकदा एक आचार्य आपल्या शिष्याला बरोबर घेऊन चुरमुरे आणायला निघाले आणि दोन पैशांच्या मापट्याला तीन पैसे देऊन परतले. हो, तीनच. भट्टीवाल्याने दोन मागितले, त्याला दोन दिले. चुरमुरे पंच्यात बांधून घेतले. मग आश्रमाची वाट सोडून आचार्य कोष्टी आळीत शिरले आणि मागावर बसलेल्या एका बाईच्या हातावर त्यांनी तिसरा पैसा ठेवला. "हा चुरमुऱ्यांचा," एवढंच म्हणाले आणि चालू लागले. त्या बाईने जन्मात कधी चुरमुरे विकले नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याचं वय झालं. गावही तेच म्हणालं. तेव्हा आधी त्या गावाविषयी थोडं सांगतो.

नदीकाठचं बाजारपेठेचं गाव. नदीच्या अंगाला बसाप्पाची चुरमुऱ्यांची भट्टी आणि तिच्या पाठीशी कोष्टी आळी. बसाप्पाचे चुरमुरे पहाटे गरम मिळत, आणि वर स्वस्त. हमाल, गाडीवान, बाजाराला आलेली माणसं, सगळ्यांची न्याहारी त्यावर होई. शिवाय मापट्यावर तो शीग देई, म्हणजे काठोकाठ भरून वर उभी रास. स्वस्ताईचं कारणही साधं होतं. बसाप्पा भट्टीत लाकूड घालत नसे, भाताचा तूस जाळी, आणि तूस त्याला जवळजवळ फुकट मिळे.

तुसाची राख काळी आणि भलती हलकी. नदीवरून वारा आला की ती उठायची आणि थेट कोष्टी आळीत उतरायची. दुसऱ्या कुठल्या आळीत उतरली असती तर बायकांनी चार शिव्या घालून अंगण झाडलं असतं आणि विषय तिथेच मिटला असता. पण कोष्ट्यांचं काम निराळं. विणण्याआधी सुताचा ताणा रस्त्यावर लांबच लांब पसरून त्याला खळ लावावी लागते, कुंच्याने एकेक धागा मोकळा करावा लागतो. याला पांजणी म्हणतात. ऊन चढलं की खळ भराभर सुकते आणि धागे तुटतात, म्हणून पांजणी पहाटेच व्हायला हवी. म्हणजे इकडे भट्टी ऐन भरात आणि तिकडे चाळीस हात ओलं, चिकट, पांढरंशुभ्र सूत उघड्यावर. राख बसली की बसली. पुसायला जावं तर ठिपक्याची रेघ होते.

ज्या बाईच्या हातावर तो पैसा पडला, तिचं नाव तुळसाक्का. नवऱ्याची नजर गेलेली, त्यामुळे माग तीच चालवी. लागोपाठ दोन ताणे तिचे राखेने खराब झाले होते. सूत देणारा व्यापारी दुसऱ्या वेळी म्हणाला होता की मी पांढरी धोतरं मागितली होती, तीळ लावलेली नव्हे. तिसऱ्या ताण्याचं सूत त्याने दिलं खरं, पण हेही डागाळलं तर पुढे सूत मिळणार नाही असं तोंडावर सांगून. सूत नाही तर माग ठेवून करायचं काय? परगावचा एक जण विकत घ्यायच्या बोलीने येऊन तिचा माग वितीने मोजूनही गेला होता. महिन्याभरात तिची पांजणी यायची होती आणि त्या एका पहाटेवर सगळं अडून बसलं होतं.

मग आळी इतकी वर्षं गप्प का राहिली? त्याला कारण होतं, आणि ते सांगताना मला हसूही येतं आणि रागही येतो. बसाप्पा मनाने वाईट नव्हता. अकरा वर्षांपूर्वी एकदा तक्रार झाली, तेव्हापासून तो दर नागपंचमीला कोष्टी आळीत घरटी सूपभर लाह्या पाठवी. आळी त्या घेई. आणि एकदा लाह्या खाल्ल्या की बोलायचं कुठल्या तोंडाने? असं करत अकरा नागपंचम्या गेल्या आणि राख होती तशीच पडत राहिली.

शेवटी तुळसाक्काच उठली आणि आचार्यांकडे गेली. दोन्ही बाजूंनी आचार्यांना मध्यस्थ मानलं आणि ते सांगतील ते ऐकायचं कबूल केलं. आचार्यांनी आठ दिवसांची मुदत मागितली.

त्यांचा शिष्य निरंजन चांगला बावीस-तेवीस वर्षांचा, शास्त्र शिकलेला. त्याचा निवाडा त्याच संध्याकाळी तयार होता: भट्टी अपायकारक आहे, सबब ती बंद करावी किंवा गावाबाहेर हलवावी. गावाबाहेर म्हणजे कुणाच्या दाराशी, हे काही त्याने सांगितलं नाही. आणि हा निवाडा ऐकवताना त्याच्या तोंडात बसाप्पाचेच चुरमुरे होते. आश्रमाचा माणूस म्हणून बसाप्पा त्याला नेहमी दुप्पट शीग देई.

तर अशा परिस्थितीत आचार्य रोज पहाटे दोन पैसे भट्टीवर आणि एक पैसा कोष्टी आळीत देऊ लागले. पहिल्या दिवशी तुळसाक्का गोंधळली. दुसऱ्या दिवशी ती चिडली. "मी न्याय मागाय आले हुते, आचार्य, भीक न्हवं," असं म्हणून तिने पैसा परत पुढे केला. आचार्यांनी तो घेतला नाही. ही भीक नाही अक्का, मी खाल्लेल्या चुरमुऱ्यांची किंमत आहे, एवढं त्यांनी सांगितलं. तिला ते कळलं नाही, पण म्हाताऱ्या माणसाचा अवमान कसा करायचा म्हणून तिने तो पैसा देव्हाऱ्यात ठेवून दिला. पुढचेही तिथेच ठेवत गेली.

गावाला मात्र करमणूक झाली. बसाप्पा गिऱ्हाइकांना सांगे की आचार्यांना वेद पाठ आहेत, पण पाढे विसरले. हमाल निरंजनला रस्त्यात अडवून विचारत की आज कोथिंबिरीचे पैसे लोहाराला दिलेस का रे. बिचारा लाजेने अर्धा झाला. चौथ्या दिवशी त्याने धीर करून आचार्यांना कारण विचारलं. त्यांनी पंचा सोडून चुरमुरे पुढे केले आणि म्हणाले, खा. त्याला खावेसे वाटेनात.

आठव्या दिवशी देवळाच्या ओवरीत सगळे जमले. कोष्ट्यांनी एका आवाजात भट्टी बंद करायची मागणी केली. बसाप्पाने आपली बाजू मांडली. भट्टी आजोबांपासूनची आहे, तूस सोडून लाकूड जाळलं तर चुरमुरे गरिबाला परवडणार नाहीत, आणि लाह्या तर मी न चुकता पाठवतो. शेवटी तो म्हणाला, "राख मी पाठवत न्हाई, वारा नेतोय. वारा काय माझ्या हुकमातला हाय व्हय?"

आता वाऱ्यावर फिर्याद कोण करणार? तुळसाक्का खाली मान घालून बसली होती. आपला माग गेला, असंच तिला त्या क्षणी वाटलं.

आचार्यांनी बसाप्पाच्या बापालाही पाहिलेलं होतं, त्यामुळे ते त्याला अरे-तुरेच करत. ते शांतपणे बोलू लागले.

"बसाप्पा, मला पाढे येतात. तुझ्या मापट्याची किंमत तीन पैसेच आहे. दोन पैसे खाणारा देतो, आणि तिसरा इतकी वर्षं ही आळी देते आहे, डागाळलेल्या धोतरांच्या रूपाने. तो ना तुझ्या गल्ल्यात दिसतो, ना गिऱ्हाइकाला जाणवतो, म्हणून चुरमुरे स्वस्त वाटतात. मी आठ दिवस फक्त माझा खर्च माझ्या हाताने दिला. तू लाह्या पाठवतोस, ते तुझं प्रेम. पण राख टोपलीभर पडो की चिमूटभर, लाह्या एक सूपच. मग राख कमी व्हावी असं तुला वाटेल कशाला?"

निरंजन पुढे सरसावला. मग भट्टी बंदच का नको, असं त्याने विचारलं.

"कारण भट्टीबरोबर हमालांची न्याहारीही बंद होईल," आचार्य म्हणाले. "राखेचा उपाय काय, हे मला माहीत नाही, बाळा. तुलाही नाही. आपण दोघांनी कधी भट्टी लावलेली नाही. उपाय असलाच तर तो बसाप्पाला सापडेल, आणि त्याला तो शोधावासा वाटावा एवढंच आपल्या हातात आहे."

मग त्यांनी खांद्यावरचं पांढरं उपरणं काढून तुळसाक्काच्या हाती दिलं. रोज पहाटे ते खळीत बुडवून आळीच्या तोंडाशी काठीला टांगायचं. ऊन वर आलं की तुळसाक्का आणि बसाप्पा दोघांनी मिळून ते बघायचं. त्यावर काळे ठिपके बसले असतील, तर त्या दिवशी विकलेल्या दर मापट्यामागे एक पैसा आळीला. उपरणं स्वच्छ असेल त्या दिवशी काही नाही. लाह्या पाठवायच्या तर खुशाल पाठवाव्यात, त्यांचा या गोष्टीशी संबंध नाही.

बसाप्पा कबूल झाला, कारण शब्द दिला होता. पण घरी जाताना त्याचं तोंड बघवत नव्हतं.

पहिले चार-पाच दिवस त्याने सोपी वाट धरली आणि मापटं तीन पैशांना लावलं. हमाल कुरकुरले. काही जण घरून भाकरी बांधून आणू लागले. दुपारी चुरमुरे उरायला लागले, आणि उरलेले चुरमुरे सादळतात. बसाप्पाला झोप लागेना. बापजन्मी ज्या राखेकडे त्याने मान वळवून पाहिलं नव्हतं, तिच्याकडे तो आता टक लावून पाहू लागला. कधी उडते, कुठून उडते, किती उडते.

आणि मग त्याच्या एकेक ध्यानात येत गेलं. कोरडा तूस टोपलीने एकदम ओतला की लोट उठतो, मुठीमुठीने सारला की उठत नाही. उडणारी निम्मी राख भट्टीतली नसतेच, ती मागच्या राखेच्या ढिगावरची असते, आणि ढिगावर दोन घागरी पाणी ओतलं की ती बसते. आळीच्या अंगाला पोत्यांचा पडदा बांधून तो ओला ठेवला तर उरलेली पडद्यालाच चिकटते. सगळी मिळून गोष्ट काय, तर चार पोती आणि पाणी मारायला एक गडी. अकरा वर्षं जो वारा हुकमात नव्हता, तो अकरा दिवसांत बराचसा ऐकू लागला.

उपरण्यावरचे ठिपके कमी होत गेले. आधी मोजता येईनात इतके होते, मग वीस-पंचवीस, मग पाच. या मोजणीवरून बसाप्पा आणि तुळसाक्का रोज सकाळी तावातावाने भांडत. तो म्हणे ही माशी आहे, ती म्हणे माशीला पाय असतात. पण भांडता भांडता दोघांची ओळख झाली. तिची पांजणी कुठल्या दिवशी आहे हे बसाप्पाने एकदा आपणहून विचारून घेतलं.

त्या दिवशी निरंजन अंधारातच कोष्टी आळीत जाऊन उभा राहिला. ताणा पसरला होता. आळीतल्या चार बायका कुंचे घेऊन तुळसाक्काच्या मदतीला आल्या होत्या, आणि तिचा नवरा ओट्यावर बसून नुसत्या आवाजावरून काम किती झालं ते ओळखत होता. वारा नदीवरूनच होता. भट्टी पेटलेली होती, चुरमुरे भाजल्याचा वास आळीभर पसरला होता. निरंजनला वाटलं, आपला निवाडा मानला असता तर आज हा वास नसता. ऊन आलं. तुळसाक्काने या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत न्याहाळलं, मग परत दुसऱ्या बाजूने न्याहाळलं. एकही धागा काळा नव्हता. तिने पदराने डोळे पुसले आणि नवऱ्याला सांगितलं, "पांढरं हाय. सगळं पांढरं हाय." तो बराच वेळ मान हलवत राहिला.

भट्टीसमोर रोजची गर्दी होती. भाव पुन्हा दोन पैशांवर आला होता, पण बसाप्पाने शीग बंद केली होती. मापट्यावर फळी फिरवून तो सपाट माप देई, कारण पाणी मारणाऱ्या गड्याचा पगार कुठून तरी निघायलाच हवा. जुनी गिऱ्हाइकं थोडी कुरकुरत, मग सपाट माप घेऊन जात. निरंजनने सवयीने पंचा पुढे केला. बसाप्पाने त्यालाही फळी फिरवूनच माप दिलं, आणि त्याने ते निमूट बांधून घेतलं.

आश्रमात आचार्य वाट पाहत होते. त्यांच्यापुढे आठ पैसे ठेवलेले होते. तुळसाक्का येऊन ठेवून गेली होती. आता राख पडत नाही, मग हे कसले, असं तिचं म्हणणं. आचार्यांनी ते निरंजनच्या हाती देऊन पुन्हा तिच्याकडे पोचवायला सांगितले. त्या आठ दिवसांत राख पडली होती, तेव्हा ते तिचेच.

मग पंचा सोडून दोघं खायला बसले. आचार्यांनी एक मूठ तोंडात टाकली आणि सहज विचारलं, काय भाव दिला रे आज?

तुमच्या-माझ्या घरीही रोज काहीतरी स्वस्त येतं. ते हातात घेताना हा प्रश्न स्वतःला विचारून बघावा. निरंजनने बोटांवर हिशेब केला.

"सपाट मापटं, दोन पैसे," तो म्हणाला. "आणि आज आपल्याशिवाय कुणालाच काही द्यावं लागलं नाही."

आचार्यांनी पंचा त्याच्याकडे सरकवला. आज त्याला भूक होती.