दुर्वीचं पहिलं धिरडं

श्रावणातल्या एका शुक्रवारी जिवतीच्या चित्रापुढे बसून मी एक नेम बोलले होते. माझी धाकटी तेव्हा दहा महिन्यांची होती आणि तोंडाशी नेलेला प्रत्येक घास ओठांवरूनच परत पाठवत होती. मी हात जोडले आणि म्हटलं, "आई जिवते, हिनं एक घास मनापासून गिळू दे. दर शुक्रवारी माझ्या तव्यावरचं पहिलं धिरडं मी दुसऱ्याच्या बाळाला देईन, आणि ते चांगलंच असेल."

हा नेम मला सुचला एका गोष्टीवरून. तीच आज सांगते. चिमुकल्यांनो, मांडी घालून बसा, आणि ज्याच्या मांडीवर धाकटं भावंड असेल त्यानं त्याला नीट धरा.

डोंगराच्या कुशीत एक शेवंतीचं गाव होतं. सकाळ झाली की सगळं शिवार पिवळंधमक, मध्येच पांढरंशुभ्र, जणू कुणी हळदीकुंकवाआधी अक्षता सांडून गेलंय. त्या गावात दुर्वी राहायची. नऊ वर्षांची, दोन घट्ट वेण्यांची, गालावर पिठाचा ठिपका असलेली. बाबा देवाघरी गेलेले. आई उजाडताच फुलं खुडायला मळ्यात जायची आणि उन्हं कलली की यायची. तोवर दहा महिन्यांचा गोजू दुर्वीच्या कडेवर.

गोजूचे डोळे टपोरे, पापण्या लांबसडक, पण अंगावर मूठभर मांस नाही. वरणाचं पाणी दिलं की फुर्रकन उडवायचा. मऊ भात दिला की तोंड फिरवायचा. कमरेचा काळा करगोटा उष्टावणाला घट्ट बांधला होता. आता तो इतका सैल झाला की उचलून घेतलं की मांडीवर घसरायचा. आई रोज संध्याकाळी त्या करगोट्यात बोट घालून बघायची. आधी एक बोट जायचं. मग दोन. मग तीन. बोट वाढलं की त्या दिवशी आई जेवायची नाही.

शेजारी हिराकाकू राहायच्या. मनानं वाईट नव्हत्या, जीभ मात्र तिखट.

"दुर्वे, भावाला खायला घालतेस की नुसता वारा पाजतेस गं?" त्या कुंपणावरून म्हणायच्या. "माझी चिमी बघ! दीड वर्षाची झाली, हात लागला तरी गडगडत जाईल!"

चिमी म्हणजे त्यांची नात. कुंपणाच्या फटीतून गोबरे गाल बाहेर काढून ती गोजूकडे बघत हसायची. दुर्वीला मात्र रडू यायचं.

दुर्वीच्या परसात धुण्याच्या दगडापाशी भोपळ्याचा एक वेल आपोआप उगवला होता. त्याला ना आळं, ना मांडव. दुर्वी रोज तांदूळ धुतलेलं पाणी त्याच्या मुळाशी ओतायची. "तू तरी पोटभर पी रे राजा," असं म्हणायची. एका शुक्रवारी पहाटे त्या वेलावर पहिलं फूल उमललं. सोन्याच्या वाटीसारखं, काठाला केशरी झालर. आणि त्या वाटीत, दव पुसत, बोटाएवढी एक परी बसली होती! परागांचा झगा, दवाच्या बांगड्या, पंख असे की त्यातून ऊन गाळून पडावं.

"रोज मला पाणी पाजणारी ती तूच ना?" परी म्हणाली. "तीन फुलं उमलतील. एका फुलाला एक मागणं. माग."

"परीताई, माझ्या गोजूचं पोट भर!"

परी हळूच हसली. "पोट मी भरत नाही गं. ते आईच्या, ताईच्या हातांनी भरतं. मी त्या हातांत काय ठेवू, ते सांग."

दुर्वीनं विचार केला. घरात डब्याच्या तळाशी मूगडाळ होती, थोडं नाचणीचं पीठ होतं. आई कधीकधी धिरडी घालायची. पण नुसत्या पिठाची धिरडी गोजूच्या घशाला चिकटायची.

"मग मला गाजरं दे. गोड, लाल, लुसलुशीत."

"देते. पण नियम ऐक. धिरडं बाळाच्या तळहाताएवढं इवलंसं घालायचं. त्यात मीठ नाही, साखर नाही, मिरची तर नाहीच. भाजीचीच गोडी पुरे. गाजर वाफवून लोण्यासारखं मऊ करायचं. आणि तव्यावरचं पहिलं धिरडं दुसऱ्याच्या बाळाला द्यायचं."

फूल मिटलं, परी दिसेनाशी झाली. वेलाखाली गाजरांची इटुकली जुडी पडली होती.

दुर्वीनं डाळ भिजवली, पाट्यावर गंधासारखी वाटली. नाचणीचं पीठ मिसळलं, वाफवलेलं गाजर कुस्करून घातलं. पीठ कसं झालं म्हणता? संध्याकाळच्या ढगासारखं! तिनं तवा चुलीवर ठेवला, घाईघाईनं पळीभर पीठ टाकलं, आणि पहिलं धिरडं तव्याला चिकटलं. उलटताना फाटलं, एका कडेनं करपलं.

आता बघा हं, घरोघरी काय चालतं. पहिलं धिरडं तव्याचं, ते असंच व्हायचं, असं म्हणून आपण ते बाजूला काढतो आणि गाईपुढे टाकतो. दुर्वीच्या घरीही तसंच. पण कुंपणाच्या फटीत चिमी तोंडाचा चंबू करून उभी होती. 'पहिलं हेच तर आहे,' दुर्वी मनात म्हणाली, आणि ते फाटकं धिरडं निववून तिनं चिमीच्या हातात ठेवलं. चिमीनं तेही आनंदानं चोखलं.

नंतरची धिरडी काय सुंदर उतरली! गोल, केशरी, जाळीदार. दुर्वीनं ती गोजूपुढे मांडली आणि तिच्या डोळ्यांदेखत त्यांचा रंग उडाला. केशरी फिकं झालं, फिकं राखाडी झालं. गोजूनं एक तुकडा तोंडात घेतला आणि थूऽऽ करून टाकला. संध्याकाळी आईनं करगोट्यात बोटं घातली. तीन गेली, चौथंही टेकलं.

पुढच्या शुक्रवारी दुसरं फूल उमललं. दुर्वी रुसून उभी होती.

"मी सगळे नियम पाळले, परीताई. पहिलं धिरडं चिमीलाच दिलं!"

"दिलंस. कसं होतं गं ते?"

दुर्वीनं मान खाली घातली. पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघ काढली. मग म्हणाली, "फाटकं. करपलेलं. तव्याचं."

"आणि गोजूला ते दिलं असतंस?"

दुर्वीच्या डोळ्यांतून टप्पकन एक थेंब फुलात पडला. "नसतं दिलं." मग तिनं डोळे पुसले. "चुकलं माझं. आज मला पालक दे, परीताई. आणि पहिलं धिरडं कसं करायचं, ते माझं मी बघते."

परीनं तिच्या नाकावर परागाचा पिवळा ठिपका लावला आणि वेलाखाली पालकाची जुडी ठेवली, पाचूसारखी हिरवीगार.

दुर्वी घरात गेली आणि चुलीपुढे बसून आठवू लागली. आई काय करते? घाई करत नाही. आधी तवा नीट तापू देते. मग जाळ मंद करते. वांग्याचं देठ तेलात बुडवते आणि सगळ्या तव्यावर गोल गोल फिरवते. दुर्वीनं तसंच केलं. पाण्याचे चार थेंब शिंपडले, ते तव्यावर मोत्यांसारखे नाचले. मग तिनं वाफवून वाटलेल्या पालकाचं पीठ पळीनं अलगद सोडलं, बाजूनं तुपाचा थेंब सोडला, झाकण ठेवलं. गोजू मांडीवर भुकेनं रडत होता. "थांब रे सोन्या," ती म्हणाली, पण झाकण उचललं नाही.

झाकण काढलं. उलथनं खाली घातलं. आणि पहिलंच धिरडं अख्खं उचललं गेलं! हिरवंगार, गोल, पोपटाच्या पिसासारखं मऊ. दुर्वीला इतका अभिमान वाटला की तिला ते कुणालाच देऊ नयेसं वाटलं. मांडीवर गोजू रडत होता, आणि ते धिरडं बरोबर त्याच्या तळहाताएवढं होतं. तिनं एकदा गोजूकडे बघितलं. एकदा कुंपणाकडे. मग ते फुंकून फुंकून गार केलं, बोटाएवढ्या पट्ट्या कापल्या आणि वाटीत घालून चिमीला हाक मारली.

"चिमे, ये गं! आजचं पहिलं तुझं!"

चिमी फटीतून घुसली, दुडुदुडु धावत आली. मागोमाग हिराकाकू, "अगं, माझ्या पोरीला काय घालतेस ते बघू दे आधी!" म्हणत. चिमीनं एक पट्टी खाल्ली. मिचमिच डोळे केले, हसली, टाळ्या वाजवल्या. गोजू रडायचा थांबला. तो चिमीच्या हलणाऱ्या तोंडाकडे टक लावून बघू लागला. चिमीनं दुसरी पट्टी उचलली आणि थेट त्याच्या ओठांवर टेकवली.

"घे बाबू."

गोजूनं तोंड उघडलं! चघळलं, हिरड्यांनी दाबलं, आणि गिळलं. मग त्यानंच चिमीचा हात धरून ओढला, अजून हवं म्हणून. दुर्वी घालत गेली, गोजू खात गेला. एक, दोन, अडीच. हिराकाकू पदर तोंडाला लावून बघत राहिल्या.

"दुर्वे," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पहिलं असं अख्खं मला या वयातही जमत नाही गं. शिकव बाई मला."

त्यानंतर महिनाभर वेलावर परीचं फूल आलं नाही, भोपळे मात्र आले. दुर्वी कधी भोपळ्याची, कधी काकूंनी दिलेल्या दुधीची धिरडी घालायची. रोज पहिलं कुंपणापलीकडे जायचं. आता फटीत चिमीबरोबर गावातली आणखी दोनचार गोबरी तोंडं दिसू लागली होती, आणि हिराकाकू पाणवठ्यावर सांगत सुटल्या होत्या, "आमच्या दुर्वीच्या तव्यावर पहिलं फाटत नाही, समजलात?"

मग एका शुक्रवारी आई मळ्यावरून लवकर आली. गोजू आपला आपण बसला होता, दोन्ही हातांत केशरी धिरडी. आईनं सवयीनं करगोट्यात बोट घालायला हात नेला. बोट जाईना! करगोटा गुबगुबीत पोटावर रुतून बसला होता. आईनं पुन्हा बघितलं. मग तिनं दोरा काढून टाकला, नवा लांब दोरा बांधला आणि दुर्वीला जवळ ओढून तिच्या पिठाळ गालाचा मुका घेतला.

"माझी अन्नपूर्णा गं ती!" आई म्हणाली आणि ताटलीतलं धिरडं तोडून खाल्लं. "मीठ विसरलीस मात्र."

"विसरले नाही. ते तुझ्यासाठी नाहीच मुळी, आई!"

दोघी हसल्या, आणि गोजू कशाला ते न कळताच त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिसरं फूल उमललं.

"शेवटचं मागणं, दुर्वी," परी म्हणाली. "आता तरी स्वतःसाठी माग. रेशमी परकर? चांदीचे पैंजण?"

दुर्वीनं क्षणभर पैंजणांचा विचार केला, खोटं कशाला सांगू! मग म्हणाली, "तुझ्या वेलाचं बी दे. प्रत्येक दारात एक. कुणाचा करगोटा सैल व्हायला नको."

परी उठून उभी राहिली. फूल सोन्यासारखं झळाळलं, दवाच्या बांगड्या फुटून हजार इवले इंद्रधनू उडाले, आणि त्या उजेडात परी विरघळून गेली. डोळे चोळून दुर्वीनं बघितलं, तर ओंजळभर पांढऱ्या बिया दगडावर पडल्या होत्या. तिनं गोजूचा जुना, आखूड करगोटा वेलाला बांधला आणि बिया ओच्यात घेऊन निघाली. पहिलं दार हिराकाकूंचं.

माझी धाकटी जेवू लागली. माझा नेम अजून चालू आहे. आता तुम्हाला एकच विनवते. तुमच्या घरी बाळासाठी तवा चढला की घाई करू नका. तवा तापू द्या, देठानं तेल फिरवा. आणि पहिलं अख्खं धिरडं निवलं की कुंपणापलीकडच्या बाळाला हाक मारा. तुमचं बाळ बघत असेल.