ज्याचं त्यानं उठून घ्यावं

एका गावात एक भोळा बाप होता. बाळाप्पा त्याचं नाव. बाप तसे सगळेच थोडेफार भोळे असतात, पण बाळाप्पाची तऱ्हा निराळी. त्याला सांगितलेलं सगळं कळायचं. फक्त ते कुणाला लागू करायचं, तेवढं कळायचं नाही.

घर खाऊनपिऊन सुखी. गुळाचा धंदा, दारात जीप, कामाला दोन माणसं. घरातलं सगळं गौराक्का बघायची, बाहेरचं मल्लू. आणि एकुलती एक लेक गिरजा, दुसरीत शिकणारी. तिला सगळं हातात मिळायचं. हातात तरी कुठलं, तोंडात मिळायचं. गौराक्का घास करायची, गिरजा आ करायची. मल्लू चप्पल आणायचा, गिरजा पाय पुढं करायची. पाठीला खाज सुटली तरी ही बाई हात हलवायची नाही. गौराक्काला सांगायची, "डावीकडं. जरा वर. हां."

बाळाप्पाची बायको सरोजा दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी निघाली. निघता निघता तिनं बघितलं, तर गिरजा माठाशेजारी उभी. घशाला कोरड पडलेली, पेला समोर, आणि पोरगी परसात गेलेल्या गौराक्काची वाट बघतेय. सरोजानं पिशवी खाली ठेवली.

"अवो, उद्या माझ्या मांडीवर दुसरं लेकरू येणार. गौराक्का त्याचं करंल का हिचं? बाळाला घिऊन मी येईन, तवर ही आपल्या हातानं जेवली, आपली येणी आपण घातली तर बरं. न्हाईतर बारसं झालं की हिला बेळगावच्या बोर्डिंगात घालते. जागा बघून ठेवलीया मी."

गिरजा बाळाप्पाच्या पाठीला पाय लावून झोपायची. ते पाय पाठीला टेकल्याशिवाय त्याचा डोळा लागायचा नाही. पोरगी बेळगावला गेली तर पाठ कुणाकडं करायची?

"मग मी काय करू?" त्यानं विचारलं.

"काय बी करू नका. कुणाच्या हातात आयतं काय द्यायचं न्हाई. ज्याला जे पायजे ते त्यानं उठून घ्यावं. कळलं?"

"कळलं," बाळाप्पा म्हणाला. आणि खरंच कळलं होतं.

त्याच दुपारी सरोजाचे काका निपाणीहून तिला भेटायला आले, पण ती निघून गेली होती. म्हातारा माणूस, उन्हातनं चालत आलेला. दारालगतच्या सोप्यात टेकले, टोपी काढून वारा घेतला आणि म्हणाले, "जावईबापू, जरा पाणी."

"माठ आत हाय," बाळाप्पा म्हणाला.

काकांना वाटलं, जावयाची कंबर धरलीय. ते उठले, आत गेले, पाणी प्यायले. थोड्या वेळानं म्हणाले, "च्या-बिया हुईल का?"

"हुईल की. साखर वरच्या फळीवर, दूध चुलीशेजारी."

काकांनी चहा केला. माणूस सभ्य, म्हणून एक कप बाळाप्पापुढंही धरला. बाळाप्पानं हात जोडले. "आयतं घेत न्हाई म्या." काका दोन्ही कप पिऊन पुढच्या बसनं परत गेले. हे सगळं चाललेलं असताना शेजारच्या खोलीत गौराक्का गिरजाला दहीभात भरवत होती.

संध्याकाळी फोन आला. काकांनी आधी सरोजाला गाठलं होतं.

"अवो, दारात आलेल्याला असं करतात व्हय? मी पोरीचं सांगितलं होतं. दारात आलेल्याला मागायच्या आधी द्यायचं, पोटभर द्यायचं, जागचं उठू द्यायचं न्हाई. कळलं?"

बाळाप्पानं मान डोलावली. फोनवर मान दिसत नाही, हे त्याच्या ध्यानात यायचं नाही. सरोजाला मात्र ती मान ऐकू यायची. लग्नाला बरीच वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात आला गावचा वळू. चांगला दांडगा, देवाला सोडलेला. नेहमी येतो तसा आला, नेहमी जातो तसा गेलाही असता. पण बाळाप्पा पुढं धावला. मागायच्या आधी पेंड ठेवली. मग मका. मग घमेलंभर गूळ. वळू निघायला लागला की बाळाप्पा त्याच्या पुढं जाऊन म्हणायचा, "बसा की, एवढी काय घाई." शेवटी वळू बसला. बसला तो बरोबर उंबऱ्यावर. आता बोला.

गिरजाच्या शाळेची वेळ झाली. मल्लूनं तिला खिडकीतनं बाहेर काढलं, खांद्यावर घेतलं आणि शाळेत नेऊन बसवलं. म्हणजे जी पोरगी निदान चालत तरी जात होती, ती आता उचलून जायला लागली. वळूला घर आवडलं. दिवस कलला तरी तो हलला नाही.

"अवो, माझ्या बापा," सरोजा फोनवर म्हणाली. नवऱ्याला बाप म्हणायची वेळ आली की ती फार थकलेली असायची. "दारात कोण आलं तर आधी काठी घिऊन उभं ऱ्हायचं. कोण, कुठलं, काय काम, विचारायचं. घरातलं नसंल तर हाकलायचं."

बाळाप्पानं मान डोलावली.

रात्री कधीतरी वळू आपणहून उठून गेला. सकाळी उजाडता उजाडता दार वाजलं. बाळाप्पा काठी घेऊन उभाच होता.

"कोण?"

"मी, मालक."

"मी कोण?"

"गौरा."

"कुठली?"

"वेशीजवळची. असं काय करताय? दूध तापवायचंय, सरका."

"काय काम?"

"भांडी, भाकरी, गिरजाबायची आंघोळ."

बाळाप्पानं काठी आपटली. "घरातली हायस का?"

गिरजाला गौराक्कानं पहिल्या आंघोळीपासून मांडीवर घेऊन न्हाऊ घातलं होतं. पोरीच्या अंगावरचा तीळन्‌तीळ तिला ठाऊक. पण हे असं कुणी कधी विचारलं नव्हतं. तिला फार लागलं.

"न्हाई मालक," ती म्हणाली. "घरातली न्हाई."

"मग जा."

गौराक्का डोळ्याला पदर लावून गेली. मागनं मल्लू येत होता. त्यानं काठी बघितली आणि कुणी काही विचारायच्या आत परत फिरला. त्याला बाळाप्पा पुरता ठाऊक होता.

आत गिरजा उठून बसली होती. तिनं आ केला. घास आला नाही. तिनं आणखी मोठा आ केला. मग ती तोंड मिटून म्हणाली, "आप्पा, भूक."

बाळाप्पा स्वयंपाकघरात गेला. लग्नानंतर तो तिथं पहिल्यांदाच नीट बघत होता. त्यानं एक डबा उघडला, त्यात हळद. दुसरा उघडला, त्यात खिळे. गिरजा दारात उभी राहून बघत होती. गौराक्काच्या मांडीवर बसून तिनं ते सगळं रोज बघितलेलं होतं. फक्त हात लावला नव्हता.

"लाल टोपणाचा," ती म्हणाली.

बाळाप्पानं निळ्या टोपणाचा काढला. गिरजानं सुस्कारा सोडला, स्टूल ओढलं, वर चढली आणि डबा काढला. कालची भाकरी, त्यावर चटणी, चटणीवर तेल. अर्धं तेल फरशीवर गेलं. ती खाली बसून आपल्या हातानं जेवली. जेवता जेवता वर बघते, तर बाप आ करून उभा. तिनं एक घास त्याला भरवला.

सरोजानं हे सगळं फोनवर ऐकून घेतलं.

"आधी गौराक्काकडं जावा," ती म्हणाली. "पाया पडा. म्हणावं, तू घरातलीच हायस, मीच खुळा हाय. आणि ती येईतवर पोरीला करू द्या. चुकू दे, सांडू दे, मधी पडू नका. ज्याचं त्याला करू द्यायचं, आपण बगत बसायचं."

बाळाप्पानं मान डोलावली. पहिली गोष्ट त्यानं नेमकी जिथल्या तिथं लावली, हे नवलच. तो गौराक्काच्या दारात गेला, पाया पडला आणि खुळा हाय म्हणाला. गौराक्का म्हणाली, ते ठाऊक हाय मला, पण रुसवा निघाल्याबिगर येणार न्हाई. मनातनं तिलाही पोरीची आठवण येत होती. पण रुसायची संधी आयुष्यात पहिल्यांदाच मिळालेली, ती एवढ्यात कशी सोडणार?

घरी आला तर मांजर दुधाच्या पातेल्यावर चढलेलं. बाळाप्पा मांडी घालून बघत बसला. मांजरानं झाकण पाडलं. "पाडू दे," बाळाप्पा म्हणाला. मांजरानं दूध सांडलं. "सांडू दे. पयल्यांदा चुकतंच." गिरजा शाळेतनं आली तेव्हा पातेलं कोरडं होतं, मांजर मिशा पुसत होतं आणि बाप त्याचं कौतुक करत होता.

त्या दिवशी गिरजाला एक गोष्ट कळून चुकली. आप्पाच्या भरवशावर राहिलो तर उपाशी मरू. दुसऱ्या दिवसापासून ती दूध झाकायला लागली. चप्पल आपली आपण घालायला लागली, आधी उलटी, मग सुलटी. एक वेणी वर, एक खाली, पण दोन्ही तिच्याच हातच्या. खाज सुटली तर दाराच्या चौकटीला पाठ घासायची. रुसवा निघाल्यावर गौराक्का मल्लूला घेऊन कामाला आली आणि सवयीनं घास पुढं केला, तर गिरजा म्हणाली, "ठेव, मी घीन." गौराक्काचा हात तसाच राहिला. तिला बरंही वाटलं आणि जरा ओकंओकंही वाटलं. मग तो घास तिनं स्वतःच खाल्ला.

दिवस भरले, मुलगा झाला. सव्वा महिन्यानं सरोजा बाळाला घेऊन घरी आली, बारशाला सगळं गाव लोटलं. निपाणीचे काकाही आले, येताना पाण्याची बाटली घेऊन. गिरजानं त्यांना पाणी नेऊन दिलं, तेही मागायच्या आधी. वर-खाली वेण्या उडवत ती घरभर फिरत होती. सरोजाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पोरीला जवळ ओढलं आणि म्हणाली, "कुठं जायाचं न्हाई माझ्या लेकीला." बाळाप्पाच्या पाठीची काळजी इतक्या दिवसांनी मिटली.

"तुमी केलंत तरी काय?" सरोजानं विचारलं.

"म्या काय बी केलं न्हाई," बाळाप्पा म्हणाला. अगदी खरं होतं ते.

सरोजा हसली. "थोरलीच्या येळी उशीर झाला. धाकट्याला मात्र पयल्या दिवसापासनं सवय लावायची."

बाळाप्पानं मान डोलावली. या वेळी ती दिसत होती. पण सरोजाचं लक्ष बायकांकडं होतं.

बायका पाळण्याभोवती जमल्या. पाळणा म्हणायचा म्हणून दोरी शोधू लागल्या, दोरी कुठं सापडेना. मग गौराक्कानं वाकून बघितलं. दोरी बाळाच्या मुठीत होती.

"ज्याचा पाळणा त्यानं हलवावा," बाळाप्पा म्हणाला. "जरा दमानं घ्या. शिकतोय."

सरोजानं कपाळाला हात लावला. तेवढ्यात आत्या नाव सांगायला बाळाच्या कानाशी वाकली. बाळाप्पानं तिला हळूच मागं घेतलं.

"मधी पडू नगंस. त्याचं नाव त्याला सांगू दे. चुकू दे पयल्यांदा."

बायका बाळाकडं बघत राहिल्या. बाळानं मूठ तोंडात घातली.

"काका," सरोजा शांतपणे म्हणाली, "बेळगावची ती जागा अजून रिकामी हाय का, तेवढं विचारा. म्हणावं, पोरगी न्हाई, तिचा बाप येतोय."

सगळे हसले. बाळाप्पानं मान डोलावली, आत गेला आणि आपली पिशवी आपण भरायला बसला.

"गिरजे, टॉवेल कुठं असतोय गं?" आतनं हाक आली.

"कपाटात, खालच्या कप्प्यात," गिरजा म्हणाली. पण जागची उठली नाही.