खळ वाळली नाही

चैत्र वद्य षष्ठी. सूर्य कासराभर वर आला आणि देवठाण्याच्या कोष्टीगल्लीत दोन ताणे एकमेकांत गुंतले. एक लिंबाजीचा, दुसरा कोष्ट्यांचे पंच नरहर यांचा.

श्रीसखानंद महाराजांचा मुक्काम तेव्हा गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मारुतीच्या देवळात होता. लिंबाजी रोज पहाटे तिथली झाडलोट करी, महाराजांचे दोन शब्द ऐकी आणि मागावर बसे.

झाले ते असे. लुगड्याचे उभे सूत, म्हणजे ताणा, मागावर चढवण्याआधी पिठाच्या पातळ खळीत भिजवून लांबवर ताणावा लागतो आणि कुंचा फिरवत उन्हात वाळवावा लागतो. गावात तेवढी सरळ गल्ली एकच. त्या दिवशीची पाळी लिंबाजीची होती. त्याने बांबू रोवून ताणा पसरला, तोच नरहर आपला भिजलेला ताणा घेऊन हजर.

"लिंब्या, काढ तुझं. माझं सूत भिजलंय."

"माझंही भिजलंय, दादा. असं करू, मी भिंतीला सरकतो, तुम्ही ओट्याकडनं ताणा. कुंचा हवा तर माझाच घ्या."

"वाटणी? माझ्याशी?" नरहर ओट्यावरच्या मंडळींकडे वळला. "बघा हो महाराजांचा चेला! काही म्हणा, हा सरकतोच. उद्या घरातनं सरक म्हटलं तर उकिरड्यावर माग मांडील!"

मंडळी खदखदली. लिंबाजीची कानशिले तापली. तरी तो भिंतीला सरकला. नरहराने मात्र मुद्दाम गल्लीच्या मधोमध बांबू ठोकले. इतक्यात वावटळ उठली, बांबू कलंडले आणि दोन हजार ओले धागे एका ढिगात पडले.

आता घटकाभरात खळ वाळणार. गुंत्यातच वाळली तर धागा धाग्याला चिकटणार, ओढला की तुटणार. लिंबाजीच्या बायकोने, सारजाने, अख्खा हिवाळा बसून ते सूत कातले होते. ते गेले तर माग दिवाळीपर्यंत रिकामा.

"कात्री आणा!" नरहर ओरडला. "याचं कापलं की माझं सुटेल."

लिंबाजीने त्याचे मनगट धरले. तेवढ्यात महाराज देवळाची पायरी उतरून आले.

"नरहरबुवा, कात्री ठेवा," महाराज म्हणाले. "दोघं समोरासमोर बसा. ओढू नका, सैल सोडा. आणि बोलत राहा."

"तोवर ऊन थांबणार आहे का, महाराज?"

"बसा तर खरे."

बसले. नरहराचे पहिलेच वाक्य होते, "तिकडनं नाही, गाढवा!" आणि काय नवल! त्याच्या चिमटीतला धागा डोळ्यांदेखत ताठ झाला, कटकन तुटला. लिंबाजी घाबरून भराभर सोडवू लागला. नरहराने पुन्हा हात झिडकारला, तेव्हा लिंबाजीचाही तोल गेला.

"तीस वर्षं तुमचंच ऐकतोय मी!"

त्याच्या हातातले पाच धागे एकदम कडकडून तुटले. त्याने तुटकी टोके उचलून बघितली. म्हणजे चढल्या आवाजाचा नियम त्यालाही होता तर! सारजा दारातून म्हणाली, "अहो, हळू."

लिंबाजीने श्वास घेतला. "दादा, हा तुमचा दिसतोय. मी खालनं सोडतो, तुम्ही वर घ्या. जमेल?"

नरहराने धाग्याचे वरचे टोक चिमटीत धरले. मग म्हणाला, "थांब... हं, सोड."

धागा बोटाखाली ओला झाला. जणू आत्ताच खळीतून काढलेला!

माथ्यावर ऊन आले. मडक्यात उरलेल्या खळीला भेगा पडल्या, ओट्यावरची मंडळी सावलीला गेली. पण ताणे ओलेच. कुठे आवाज चढला की तेवढी जागा ताठ होई, उतरला की पुन्हा भिजे. लिंबाजीचे मन काही ठिकाणावर नव्हते. दर चार धाग्यांनी तो सूर्याकडे बघे आणि दर वेळी जीभ आवरे. पुढे पुढे नरहरही विचारू लागला, "हा घेऊ का रे?"

दिवस मावळतीला टेकला तेव्हा ताणे वेगळे झाले आणि त्याच क्षणी दोन्ही कोरडे! कुंचा न फिरवता एकसारखे, गुळगुळीत. नरहराने सुतावरून हात फिरवला आणि महाराजांच्या पायांवर पडला.

महाराजांनी त्याला उठवले. "आज पाळी कुणाची होती, नरहरबुवा?"

नरहर वळला. साऱ्या गल्लीसमोर पागोटे काढून तो लिंबाजीपुढे वाकला. "चुकलो, लिंबाजी." लिंबाजीने घाईघाईने त्याला वरच्या वर धरले.

शेवटी अकरा धागे उरले. दोन्हीकडचे सूत पांढरे, एकाच जाडीचे. नरहर म्हणाला, लिंबाजीचे. लिंबाजी म्हणाला, दादांचे. महाराजांनी निवाडा दिला नाही; दुसऱ्या दिवशी ते पुढच्या गावी निघून गेले. धागे देवळातल्या खुंटीला बांधून ठेवले आहेत. गेल्या अमावास्येला दोघे त्यावर बोलायला पुन्हा बसले होते. अजून ठरलेले नाही.