चाळीस भागांची वही

एकदा एक महाज्ञानी वृद्ध होता. तो मीच. महाज्ञानी हे माझं मत. गावाचं मत अजून यायचं आहे. शिक्षण सातवी, तीही दोनदा, म्हणजे तो वर्ग तरी पक्का.

आमच्या हौशी नाटकमंडळात मी चाळीस वर्षं विंगेत उभा राहून नटांना विसरलेली वाक्यं पुरवली. निरंजन हा तिथला माझा शिष्य. पाठांतर उत्तम. अभिनय... पाठांतर उत्तम.

या निरंजनाने मनावर घेतलं, की आपल्या कुटुंबाचं व्हिडिओ चॅनेल काढायचं. त्याने एका वहीत चाळीस भाग लिहून काढले. कुणी कुठे हसायचं तेही कंसात. त्याची बायको मृदुला म्हणे, कॅमेरा लावा आणि तोंडाला येईल ते बोला, घर काय पाठ करून चालतं का? तीन आठवडे दोघांचं जमेना, तेव्हा निवाडा माझ्याकडे आला. तोवर रविवारी संध्याकाळी पाचला पहिला भाग थेट दाखवणार, असं आमंत्रणही जाऊन बसलं होतं. नातेवाईक, आळीतले लोक, लेकीच्या वर्गातल्या मुली, सगळ्यांना.

रविवारी मी पोहोचलो तेव्हा दार लेकीने उघडलं. शाल्मली दहावीला गणितात राहिली होती, जुलैत पुन्हा बसणार होती. घराबाहेर हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. मैत्रिणींना तिने पास झाले म्हणून सांगितलं होतं.

"अण्णाआजोबा, माझं काही निघणार नाही ना?" तिने हळूच विचारलं.

थट्टा करायला मी तोंड उघडलं आणि तिच्या हातांकडे पाहून मिटलं. ओढणीचं टोक पिळून पिळून तिने त्याची दोरी केली होती.

आत निरंजन घामाने निथळत वही चौथ्यांदा वाचत होता. मी ती मागून घेतली, खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसलो. त्याचा चेहरा असा काही झाला, की इतका खरा चेहरा मी त्याच्या कुठल्याही प्रयोगात पाहिला नव्हता. आजचा भाग मृदुलाच्या पद्धतीने होईल, मी फर्मावलं, आणि फोन मी धरीन. का, ते कुणालाच उमगेना. निरंजनाने मला थेट दाखवणं सुरू करायचं लाल बटण दाखवलं. दोनदा दाखवलं.

पाच वाजले. तिघं सोफ्यावर ओळीने बसली. मी मान डोलावली.

"आमच्या घरात लपवण्यासारखं काही नाही," निरंजनाने सुरुवात केली. हे वहीतलं वाक्य. पुढचं त्याला आठवेना. सवयीने त्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. ती शांतता त्याला सोसवेना. घाईघाईने तो म्हणाला, "ही आमची शाल्मली. गणितात राहिली, पण आम्ही तिला एका शब्दाने बोललो नाही."

मृदुलाचा हात तोंडावर गेला. शाल्मली उठली नाही, रडलीही नाही. माझ्या हातातल्या फोनकडे ती अशी पाहत राहिली, की जणू त्यातून तिचा अख्खा वर्ग आता बाहेर येणार होता. हे पुसता येईल का, आत्ताच्या आत्ता थांबवता येईल का, असं स्वतःलाच विचारत निरंजन धावत आला. त्याने फोन हिसकावला आणि तसाच उभा राहिला.

"अण्णा, हे सुरूच झालेलं नाही."

मग मी घसा साफ केला.

"निरंजना, नटांनी माझ्यादेखत हजार वाक्यं गाळली आणि हजार पदरची घातली, तरी नाटक पडलं नाही. पडलं ते एकदाच, तिसऱ्या अंकातलं गुपित एकाने पहिल्या अंकात सांगून टाकलं तेव्हा. चाळीस भागांत काय बोलायचं ते तू लिहिलंस. काय बोलायचं नाही, याला एक ओळ दिली नाहीस. आणि मृदुला, तू तर कागदच घेतला नाहीस. ती ओळ आधी ठरवा. ज्याचं गुपित, त्याला विचारून ठरवा. नंतर खुशाल सुचेल ते बोला."

निरंजनाने खुर्चीवरची वही उचलली, कोरं पान काढलं आणि पेन लेकीपुढे धरलं. ती बराच वेळ लिहीत होती. त्याने वाचलं आणि मान खाली घातली. चुकलो गं, एवढंच पुटपुटला. तिकडे मृदुला एकामागून एक येणाऱ्या फोनना सांगत होती, की आज जमलं नाही, पुन्हा कळवू.

मी आपल्या ज्ञानावर प्रसन्न होऊन चहा मागवला. कप ठेवताना शाल्मली वाकली आणि फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"अण्णाआजोबा, बटण मुद्दाम दाबलं नाहीत, की तुम्हाला ते सापडलंच नाही?"