पद्मरेखेच्या कट्यारीवरचा ओरखडा

एका राज्यात, जिथल्या नद्यांची नावे लोकांना ठाऊक आहेत पण राज्याचे नाव आता कुणालाच आठवत नाही, चंद्रध्वज नावाचा राजा राज्य करीत होता. त्याची राणी पद्मरेखा तापाने खंगत चालली, तेव्हा त्याने कालकेतू मांत्रिकाला बोलावून घेतले. कालकेतूने एक कट्यार घडविली आणि तिचे पाते असे घोटले की त्यात आणि स्थिर पाण्यात भेद उरला नाही. ते पाते त्याने राणीच्या मुखासमोर धरले. राणीने त्यात पाहिले, मग डोळे मिटले. तिचा देह नदीकाठी जळाला. मुख मात्र पात्यात राहिले, उघड्या डोळ्यांचे.

"महाराज," कालकेतू म्हणाला, "या पात्याला ओरखडा पडू देऊ नका. पडला, तर तो पात्यावरच थांबणार नाही."

राजा कट्यार कमरेला बांधी, दरबारात मांडीवर ठेवी, निजताना उशाशी घेई. पुढे प्रजेच्या आग्रहाखातर त्याने दुसरे लग्न केले आणि वेत्रवती नावाची राणी महालात आली. होमासमोर सप्तपदी चालतानाही राजाची नजर पात्यावर होती.

एके सकाळी पात्याकडे पाहता पाहता राजाच्या डोळ्यांतले पाणी खाली पडले, ते नेमके पद्मरेखेच्या गालावर. तिलाच रडू आले असे वाटून त्याने ते घाईने पुसले. बोटात हिऱ्याची अंगठी होती. खडा पात्यावरून फिरला आणि पद्मरेखेच्या दोन्ही डोळ्यांवर एक आडवी रेघ उमटली.

त्याच घटकेला राज्यातल्या प्रत्येकाच्या दृष्टीत तशीच रेघ आली. करडी, आडवी, जिकडे पाहावे तिकडे मधोमध. कुंभाराला चाकावरच्या मडक्याचे पोट दिसेना. नावाड्याला पलीकडचा काठ दिसेना. आयांना लेकरांचे कपाळ दिसे, हनुवटी दिसे, डोळे दिसत नसत. वर्षामागून वर्षे गेली तशी रेघ जाड होत गेली. मग जी बाळे जन्माला आली, त्यांच्या दृष्टीत रेघ नव्हतीच, सगळाच करडा रंग होता.

राजाने देशोदेशीचे शिकलगार बोलावले. तलवारींना पाणी देणारे, पात्यांना धार लावणारे ते लोक कट्यार हातात घेत, उजेडात तिरपी धरीत आणि परत ठेवून देत. "मुखाला धक्का न लावता ओरखडा काढा," राजा म्हणे. "ते व्हायचे नाही, महाराज," असे ते सांगत. राजाने त्यांना राज्याबाहेर घालविले आणि महालाची दारे लावून घेतली.

वेत्रवतीला दिवस गेले होते. पोटातल्या बाळाचे डोळे कसे असतील हा विचार तिला जेवू देईना. एके दिवशी ती कुणाला न सांगता निघाली आणि कालकेतूच्या गुहेत गेली. मांत्रिक थकला होता. त्याच्याही दृष्टीत रेघ होती.

"ओरखडा कसा जाईल?" तिने विचारले.

"राणीसाहेब, ओरखडा म्हणजे खड्डा. पोलादातला खड्डा भरत नाही. तो जेवढा खोल, तेवढे सगळे पाते घासून खाली आणावे लागते."

"आणि मुख?"

"मुख वरच्या थरात आहे. ते जाईल."

वेत्रवतीने पदर खोचला. मग म्हणाली, "काय काय लागेल ते सांगा."

"तीन गोष्टी. यक्षाच्या टेकडीवरचा कुरुंदाचा दगड. त्याने ओरखडा निघेल, पण दगडाचे स्वतःचे बारीक चरे मागे राहतील. ते घालवायला पद्मरेखेच्या चितेची राख. राखेनंतरही पाते धुरकट दिसेल. शेवटची झळाळी तळहाताने घोटून येते, आणि तो तळहात ज्याने ओरखडा पाडला त्याचाच हवा. तो तुम्ही कसा आणणार, हे मला ठाऊक नाही."

वेत्रवती टेकडीवर गेली. कुरुंदाच्या दगडावर यक्ष बसला होता. त्याच्या खांद्यांवर शेवाळ होते.

"दगड देईन," यक्ष म्हणाला. "एका प्रश्नाचे खरे उत्तर दे. खोटे दिलेस तर इथेच दगड होशील. ते मुख पुसले जावे, असे तुला वाटते का?"

टेकडीच्या उतारावर माणसांच्या उंचीचे पुष्कळ दगड उभे होते. वेत्रवतीने ते पाहिले.

"वाटते," ती म्हणाली. "या महालात आले त्या दिवसापासून वाटते. बाळासाठी वाटते, प्रजेसाठी वाटते, आणि माझ्यासाठीही वाटते. कशासाठी अधिक, ते मला सांगता येत नाही. त्याची लाज वाटते."

यक्ष उठून बाजूला झाला. तिने दगड पदरात बांधला.

पद्मरेखेची चिता जिथे जळली, त्या नदीकाठी कुणी फिरकत नसे. राखेचा ढीग तसाच होता; इतक्या वर्षांत वाऱ्याने नेला नव्हता की पुराने वाहविला नव्हता. त्यावर एक टिटवी बसली होती.

"कोण तू?" टिटवीने विचारले.

"तिची सवत."

"राजा का आला नाही?"

"त्यांच्या लेखी ताई गेलेल्याच नाहीत."

"म्हणून मी इथे आहे," टिटवी म्हणाली. "तिला कुणी पाणी दिले नाही. तिच्यासाठी कुणी रडले नाही, सगळे पात्यापुढे रडले. जिला निरोप नाही तिची राख मी उचलू देत नाही."

वेत्रवती नदीत उतरली. पोटाच्या भाराने तिला वाकवत नव्हते, तरी तिने ओंजळ भरली. "ताई, पाणी घ्या," ती म्हणाली, आणि ओंजळ सोडली. पुन्हा भरली, पुन्हा सोडली. तिसऱ्या ओंजळीला तिला रडू आले. जिला कधी पाहिले नाही तिच्यासाठी ती काठावर बसून रडली. शांत झाली तेव्हा टिटवी ढिगावरून उतरली होती. वेत्रवतीने मूठभर राख पदराच्या दुसऱ्या टोकाला बांधली. तिच्या पाठीमागे वारा सुटला आणि उरलेली राख नदीत गेली.

ती महालात परतली. राजा बंद दालनात कट्यार घेऊन बसला होता.

"महाराज, कट्यार द्या."

"तू तिची सवत आहेस," राजा म्हणाला. "तुला ती पुसायचीच आहे."

"होय."

राजाने मान वर केली. असे उत्तर त्याला अपेक्षित नव्हते. वेत्रवतीने पदराची गाठ सोडली आणि राख त्याच्यापुढे धरली.

"हे काय?"

"या ताई आहेत."

राजाने राखेत बोट घातले. राख मऊ होती, थंड होती. तो राखेकडे कितीतरी वेळ पाहत राहिला, आणि त्या वेळात त्याने पात्याकडे एकदाही पाहिले नाही. मग त्याने कट्यार जमिनीवर ठेवली.

वेत्रवतीने पात्यावर पाणी शिंपडले आणि कुरुंद फिरवायला घेतला. एकाच दिशेने, सारख्या हाताने, टोकापासून मुठीपर्यंत. पाणी काळे होऊन ओघळू लागले. पद्मरेखेचे केस गेले, मग कपाळ. रेघ उथळ होत होती, पण गाल आणि ओठही फिकट होत होते. राजाने दोनदा तिचा हात धरला, दोनदा सोडला. ओरखडा जाता जाता त्याच्याखालचे डोळे एकवार स्वच्छ दिसले. वेत्रवतीने ते पाहिले. राजाने तोंड फिरविले होते. मग तिने ओल्या फडक्यावर राख घेतली आणि दगडाचे चरे घोटून काढले. पाते धुक्यासारखे झाले. त्यात अजून काहीतरी होते, मुखाची नुसती छाया.

"पुढचे माझ्याने होणार नाही," ती म्हणाली. "तळहात तुमचा हवा."

राजाने अंगठी काढून ठेवली. "पद्मरेखे, जा," असे म्हणून त्याने तळहात पात्यावर ठेवला आणि घोटू लागला. हात तापला, सोलवटला, तरी तो थांबला नाही. छाया गेली. पाते उजळले, आणि त्यात राजाला एक पांढऱ्या केसांचा माणूस दिसला.

त्या घटकेला राज्यभर रेघ नाहीशी झाली. नावाड्याला काठ दिसला. ज्यांना आजवर करडेच दिसले ती मुले उजेडाला बिचकून आयांना बिलगली, आणि आयांनी त्यांचे डोळे पहिल्यांदाच पाहिले. महालाची दारे उघडली. नदीकाठी पद्मरेखेचे क्रियाकर्म झाले, त्या दिवशी राज्यात चूल पेटली नाही. टिटवी पुन्हा कुणाला दिसली नाही.

पुढे वेत्रवतीला मुलगी झाली. तिची नजर निर्मळ होती. एके संध्याकाळी मुलगी निजल्यावर राजा वेत्रवतीजवळ येऊन बसला.

"तिचे मुख मला आठवेनासे झाले आहे," तो म्हणाला. "डोळे मिटले की रेघच दिसते. तू जवळून पाहिले होतेस. तुला आठवते का?"

"आठवते, महाराज."

"सांगशील?"

वेत्रवतीने दिव्याची वात सारखी केली. मग पद्मरेखेच्या कपाळापासून सुरुवात करून, काही न वगळता, ती सांगू लागली. राजा ऐकत राहिला.

ज्यांचे कुणी गेले आहे आणि ज्यांनी अजून पाणी दिलेले नाही, त्यांच्या डोळ्यांपुढचीही रेघ अशीच जावो.