परातीच्या काठावरचा दाणा

मुंग्यांच्या शाळेत एकच धडा होता, त्या काळची ही गोष्ट. धडा असा: पुढचीच्या मागे चालायचं.

एकदा मुंगीबाई वर्गाला घेऊन परातीच्या काठावर चढल्या. समोर एक मुंगी दिसताच त्या तिच्यामागे चालू लागल्या. ती त्यांच्याच रांगेतली शेवटची होती! दुपार झाली, पाय थकले, तरी वारूळ येईना.

"बाई, आपण गोल फिरतोय का?" छोट्या टिकलीने विचारलं.

"गप्प! रांगेत प्रश्न नाही."

टिकलीने तोंडातला साखरेचा दाणा काठावर ठेवला. "हा परत दिसला, तर गोलच फिरतोय."

थोड्या वेळाने दाणा बाईंच्याच पायाशी आला.

बाई थांबल्या. "मग उतरायचं कुठून गं?"

सगळा वर्ग शोधत सुटला. "इथे कलथा टेकलाय!"

उतरताना बाई सर्वांत मागे होत्या, आणि पुढे नुसता प्रश्नांचा गोंगाट चालला होता.